पाठ कोणी पाहावा?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०२५ च्या आरंभी नियमावलीचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात एक वर्षाचा बी.एड. अभ्यासक्रम दशकभराच्या अज्ञातवासातून पुन्हा बाहेर आला. आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी संपादन केलेल्या उमेदवारांपुरतीच ही सवलत असली, तरी आमच्या अध्यापक महाविद्यालयांच्या वर्तुळात ‘एक वर्ष की दोन’ हा वाद तेव्हापासून अशा हिरिरीने चालू आहे की, शिक्षक घडण्याचे सारे रहस्य जणू पंचांगातच दडलेले असावे. मुदतीला महत्त्व नाही असे कोण म्हणेल? महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या कज्जातून नेमल्या गेलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ मध्ये मुदतवाढीची शिफारस केली, तिच्या अनुरोधाने आलेल्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड.ला दुसरे वर्ष दिले आणि शाळेत घालवावयाचे आठवडे वीसपर्यंत नेले, हे योग्यच झाले. तथापि त्या वीस आठवड्यांत छात्राध्यापकाचा पाठ कोणी पाहावा, पाहणाऱ्याने नेमके काय पाहावे आणि त्यासाठी त्याने वेळ कोठून काढावा, हा प्रश्न एका वर्षाच्या काळी जेथे होता तेथेच आजही आहे.

सराव पाठाचा शिरस्ता आपणा सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. छात्राध्यापक आदल्या दिवशी पाठ टाचण काढतो, त्यावर मेथडच्या प्राध्यापकांची सही घेतो आणि तक्ते गुंडाळून शाळेत जातो. प्राध्यापकांना त्याच तासिकेत तीन वर्गांतील तीन पाठ पाहावयाचे असल्यामुळे ते मागच्या बाकावर दहा-बारा मिनिटे टेकतात, निरीक्षण वहीत ‘फलकलेखन सुवाच्य, आवाज योग्य, प्रश्नांचे वितरण सुधारावे’ असा शेरा लिहितात आणि शेजारच्या वर्गाकडे वळतात. हा शेरा सहसा खोटा नसतो. तो जगातील कोणत्याही पाठाला लागू पडतो, एवढेच. व्याख्यानांतून आपण ज्ञानरचनावादाचे कितीही पारायण करीत असलो, तरी टाचणाच्या कागदावर अद्याप हर्बार्टच्या पंचपदीचाच अंमल आहे (ती पाच पदे प्रत्यक्षात त्सिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी सिद्ध केली, हे आपल्या परीक्षेत कोणी विचारीत नाही), आणि घंटा होण्यापूर्वी पाचही पदे उरकली म्हणजे पाठ पार पडला, असा पाहणाऱ्याचा व घेणाऱ्याचा मूक करार होऊन बसला आहे.

इयत्ता सहावीतील अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ घेऊ. फळ्यापाशी बोलाविलेली मुलगी एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश याचे उत्तर दोन पंचमांश असे लिहिते, छात्राध्यापिका ‘चूक, बस खाली, दुसरं कोण सांगेल?’ म्हणत डस्टर फिरवते, पहिल्या बाकावरचा चुणचुणीत मुलगा छेद समान करून पाच षष्ठांश सांगतो, आणि निरीक्षण वहीत ‘विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम’ अशी नोंद पडते. त्या मुलीने अंशात अंश मिळविला आणि छेदात छेद. म्हणजे अपूर्णांक ही एकच संख्या आहे हे तिला अजून उमगलेले नसून आडव्या रेघेच्या वर-खाली बसलेल्या दोन वेगळ्या संख्याच तिला तेथे दिसत आहेत, हे सहावीला वर्षानुवर्षे गणित शिकविलेल्या शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात कळते. तो डस्टर उचलणार नाही. ‘दोन पंचमांश अर्ध्याहून मोठे की लहान?’ एवढेच विचारील, आणि अर्ध्यात काही मिळविल्यावर अर्ध्याहून कमी कसे भरले या कोड्यात वर्ग पडला की समच्छेदाची गरज मुलांना आपणहून भासू लागेल. विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे कौशल्य यांच्या संधीवरील ज्या ज्ञानाकडे ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये शिक्षणशास्त्राचे लक्ष वेधले, ते हेच. आणि त्याचा साठा आमच्या ग्रंथालयांपेक्षा शाळांच्या शिक्षक-खोल्यांत अधिक आहे, हे कबूल करण्यात आम्हां प्राध्यापकांना कमीपणा वाटू नये.

अध्यापक-शिक्षण विद्यापीठापासून तुटलेले आहे, शाळांपासून तुटलेले आहे आणि त्याच्या संस्था परस्परांपासूनही तुटलेल्या आहेत, असे निदान कोठारी आयोगाने १९६६ मध्येच केले होते. यांपैकी पहिली भिंत पाडण्याचा बेत २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, २०३० पर्यंत स्वतंत्र अध्यापक महाविद्यालयांनी बहुविद्याशाखीय व्हावे असे सांगून, केला आहे. दुसरी भिंत त्याने आपोआप पडेल, असे मात्र मानण्यास आधार नाही. इंग्लंडात ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९८७ मध्ये सुरू केलेल्या आंतरवासिता योजनेने पदवीधर छात्राध्यापकाला शाळेतील एका शिक्षकाच्या स्वाधीन केले आणि विद्यापीठ व शाळा यांची कामे वाटून दिली. पुढे १९९२ च्या सरकारी परिपत्रकाने माध्यमिक प्रशिक्षणाच्या छत्तीस आठवड्यांपैकी चोवीस शाळेत घालविण्याची सक्ती केली, तिच्यामागे विद्यापीठांविषयीचा राजकीय आकसही होता, म्हणून ते उदाहरण जसेच्या तसे उचलण्याचा आमचा आग्रह नाही. तेथे शाळेला या कामाचा मोबदला मिळू लागला, एवढे मात्र टिपून ठेवावे.

प्राथमिक वर्गांच्या बाबतीत तर हा विचार अधिकच निकडीचा झाला आहे. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही अर्हता ग्राह्य नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२३ चा निकाल २०१८ च्या अधिसूचनेवर विसंबून राहिलेल्या असंख्य उमेदवारांना जड गेला. परंतु पदवी वरच्या दर्जाची असली म्हणून तिच्यात लहान मुलांना शिकविण्याची विद्या आपोआप सामावत नाही, हे त्याचे मर्म आपल्याला नाकारता येणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला कार्यकर्त्या तयार केल्या, त्या मुलांच्या संगतीतच.

शाळेतील शिक्षक या कामास नाखूष असतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. ज्याच्या माथी निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा आहे, त्याला छात्राध्यापक म्हणजे ऑफ तास सांभाळणारा बिनपगारी हात वाटू लागला, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? मार्गदर्शक शिक्षकाच्या आठवड्याकाठी चार तासिका संचमान्यतेत अध्यापनाच्या म्हणून धराव्यात, ही मागणी शासनदरबारी लावून धरली पाहिजे. तिला मंजुरी मिळेपर्यंत पुष्कळसे आपल्याच अखत्यारीत आहे. छात्राध्यापकांची टोळी दर पंधरवड्याला नव्या शाळेत हलविण्याऐवजी तिघा-चौघांना एकाच शाळेत सत्रभर ठेवावे. निरीक्षण वहीचे अर्धे पान वर्गशिक्षकासाठी राखून त्याच्या शेऱ्याला अंतर्गत गुणांत वजन द्यावे. प्राध्यापकांनी पाठ थोडे पाहावेत, पण घंटेपासून घंटेपर्यंत पाहावेत, आणि सत्रातून एकदा तरी स्वतः सहावीवर पाठ घेऊन छात्राध्यापकांना त्यावर शेरा लिहू द्यावा. हे शेवटचे कलम काहींना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. ज्या महाविद्यालयांनी शाळांशी अशी काही व्यवस्था ठरविली असेल, त्यांनी तिचा तपशील, अडचणी न लपविता, आमच्याकडे पाठवावा. नव्या सत्राचे शाळावाटप होण्यापूर्वीच्या अंकात तो छापण्याची तजवीज केली आहे.