मांजर एकाचं, ताटली दुसऱ्याची

भात झोडून झालं, कणगी भरली, पेंढ्याची उडवी रचली की भिवंडी तालुक्यातल्या गावागावांत एक तक्रार हमखास सुरू होते. उंदीर फार झालेत, काहीतरी औषध सांगा. औषध सांगायला आमची ना नाही, ते आमचं कामच आहे. पण अलीकडे मी औषधाच्या आधी एक प्रश्न विचारतो. घरात मांजर आहे का? पुष्कळदा उत्तर येतं, "होतं साहेब. आता शेजारी जेवतं."

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्या एका वाक्यात धान्याची नासाडी आहे, शेजाऱ्यांतला अबोला आहे आणि कधी कधी विषही आहे.

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं, असं जुनी माणसं सांगतात. ते अर्धंच खरं. जिथं पोटाला मिळतं, निजायला ऊब मिळते आणि कोणी लाथ मारत नाही, ते घर मांजराचं. आपल्याकडे खाडीलगतच्या गावांत तर मांजराला आमंत्रण लागत नाही. दुपारी मागच्या दारी मासळी साफ होते, डोकी आणि शेपट्या तिथंच पडतात. पहिल्या दिवशी ते चोरून खातं, चौथ्या दिवशी वेळेवर हजर होतं, आठव्या दिवशी त्याच्यासाठी जर्मनची जुनी ताटली निघते. पुढं भाटी व्याली की तोंडात पिलं धरून जागा बदलते. सात घरं फिरवते म्हणतात. सातव्या घरापर्यंत मूळ मालकाला ती हरवली असं वाटतं आणि नव्या घराला ती आपोआप आली असं वाटतं.

आता शेजारच्या मांजराला खायला घालणं चूक आहे का? माझ्या मते अजिबात नाही. एक समज मात्र डोक्यातून काढून टाका. मांजर उपाशी ठेवलं की उंदीर जास्त धरतं, असं कित्येक घरांत मानतात आणि शेजाऱ्यावर त्यावरूनच राग असतो की तुम्ही खायला घालून आमचं मांजर आळशी केलंत. शिकार ही मांजराची उपजत खोड आहे, पोट भरलेलं असलं तरी ते धरतं. चार्ल्स एल्टन नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने शेतघरांवरच्या मांजरांचा अभ्यास करून १९५३ साली लेख लिहिला. त्यात दोन गोष्टी निघाल्या. उंदरांनी आधीच घर केलेली जागा मांजरं साफ करू शकली नाहीत. पण इतर उपायांनी उंदीर काढून टाकल्यावर ती जागा पुन्हा उंदरांची होऊ दिली नाही, आणि तीही दूध मिळत होतं म्हणून तिथं टिकलेल्या मांजरांनी. म्हणजे खाऊ घालण्याने मांजर बिघडत नाही, जागेवर राहतं. आता शेजाऱ्याने घातलं तर ते शेजाऱ्याच्या जागेवर राहणार, हा हिशेब मालकाने समजून घ्यावा. आपल्या कणगीला राखण हवी तर आपल्या दारी चार घास पडले पाहिजेत. वर्षभर पाणीसुद्धा विचारायचं नाही आणि मांजर गेलं की गावभर बोंब मारायची, हे काही खरं नाही. जाता जाता एक. मोठ्या मांजराला नुसतं दूध पचत नाही, पुष्कळांना ढाळ लागते. दूधभातापेक्षा मासळीची डोकी बरी.

माझा आक्षेप खाऊ घालण्याला नाही, न सांगता खाऊ घालण्याला आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मांजर रोज जेवायला येतंय आणि ते दगडूचं की धर्माचं हे तुम्हाला ठाऊक आहे, तर दोन घरं चालून जा आणि सांगा, "तुमची मनी आमच्याकडं जेवते बरं का." मालक ठाऊक नसेल तर एक सोपी युक्ती आहे. सुती चिंधी गळ्यात सैल बांधा, ओढली की सुटेल अशी. घट्ट बांधली तर कुंपणात अडकून फास बसतो. चिंधी कोणी सोडून टाकली किंवा दोन दिवसांत कोणी विचारत आलं की मालक सापडला. आणि मालकाचा पत्ता लागेपर्यंत दार लावून कोंडून ठेवू नका. खाऊ घालणं वेगळं आणि अडकवून ठेवणं वेगळं. दुसऱ्याचं मांजर उचलून लांबच्या नातेवाइकाकडे देऊन टाकणं तर सरळ चोरीच आहे, मग ते कितीही मायेनं केलेलं असो.

हे मी एवढं ताणून का सांगतो, ते पडघ्याच्या बाजूच्या एका पाड्यातल्या प्रकरणावरून लक्षात येईल. नाव-गाव सांगत नाही. दोन चुलतभावांची घरं, मध्ये एक कुडाची भिंत. थोरल्याच्या घरी भाटी होती. धाकट्याच्या बायकोने तिला सुकटीवर लावली. दोन महिन्यांनी भाटी धाकट्याच्या माळ्यावर व्याली आणि तिथलीच झाली. थोरल्याला वाटलं गेली कुठंतरी, कोल्ह्याने नेली असेल. बोलणं आधीच बंद होतं, विचारणार कोण? त्या दिवाळीत थोरल्याच्या कणगीला खालून भोक पडलं. त्याने दुकानातून उंदराच्या विषाची तयार वडी आणून माळ्यावर ठेवली. त्याचं तरी काय चुकलं? घरात मांजर नाही अशीच त्याची समजूत होती. पाचव्या-सहाव्या दिवशी भाटी धाकट्याच्या ओटीवर नाकातोंडातून रक्त येऊन मेली. मागे चार पिलं. धाकट्याची बायको म्हणाली, मुद्दाम विष घातलं. थोरला म्हणाला, माझी मांजर तुम्ही पळवलीत. म्हातारी म्हणाली, आता काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागणार, ते कोण देणार? त्या सोन्याच्या मांजरावरून भांडण परत नव्याने पेटलं. शेवटी प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीपुढे आलं. २००७ साली ही मोहीम सुरू झाली तेव्हा बांध, वाट आणि पाणी यांचे तंटे डोळ्यांपुढे होते. मांजराचा तंटा येईल असं कोणाला वाटलं नसेल, पण तोही आला.

यातलं विषाचं गणित नीट समजून घ्या. बाजारात मिळणाऱ्या तयार वड्यांत बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरतो. असा सुस्त उंदीर मांजराला आयताच सापडतो आणि त्याच्या पोटातलं विष मांजराच्या पोटात जातं. असे दोन-चार उंदीर खाल्ले तर मांजराच्या जिवावर बेतू शकतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून किंवा शेणातून रक्त दिसलं, मांजर कोपऱ्यात गप्प बसलं तर ताबडतोब पशुवैद्यकाकडे न्या. या विषावर के-१ जीवनसत्त्वाचा इलाज आहे, पण वेळेत मिळाला तर. सोबत विषाचं पाकीट घेऊन जा, म्हणजे डॉक्टरला अंदाज येतो. दुसरं औषध झिंक फॉस्फाइड. ते शेतात बिळात घालायचं, घरात नाही. काही जण आमिषाला सुकटीचा वास लावतात. उंदीर येतो की नाही देव जाणे, मांजर नक्की येतं.

म्हणून ज्या घरात मांजर जेवतं त्या घरात, आणि त्याच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरात, विषाची वडी वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पिंजरा लावा, कणगीचं बूड जमिनीपासून उचलून घ्या, भोकं बुजवा. शेतात बांधावरची सगळी बिळं संध्याकाळी चिखलाने बंद करा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिती. आधी दोन दिवस बिनविषारी आमिष, मग पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात विषारी आमिष बिळात खोल ढकला आणि तोंड बंद करा. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा, उकिरड्यावर टाकू नका.

कोणी म्हणेल, एवढं त्या मांजराचं कौतुक कशाला? तर ऐका. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून देशभर पसरला. त्या काळात वऱ्हाडात अमरावतीला ब्यूकॅनन नावाचे इंग्रज सरकारी डॉक्टर होते. ते गावोगाव फिरून कोणत्या घरात मांजर आहे याची चक्क मोजणी करायचे. मांजरं भरपूर असलेल्या गावांत प्लेगचा उपद्रव कमी, असं त्यांचं म्हणणं. "मांजरं : प्लेगचे प्रतिबंधक" अशा अर्थाच्या मथळ्याचा त्यांचा लेख १९०८ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज आपल्याला कळतं की मांजरालाही प्लेग होतो, तेव्हा ते काही कवचकुंडल नव्हे. पण उंदीर घराबाहेर ठेवणं महत्त्वाचं, हे त्यांचं म्हणणं आजही खोटं ठरलेलं नाही. बीड जिल्ह्यातल्या मामला गावी ऑगस्ट १९९४ मध्ये गाठीचा प्लेग निघाला. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाल्यावर भीतीने लोक घरं सोडून बाहेर राहू लागले होते, आणि मागे बंद घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले होते. आपल्याकडे प्लेग नाही, पण लेप्टो आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाण्याकडे त्याने किती माणसं आजारी पडली ते अनेकांना आठवत असेल. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात पायाला जखम घेऊन उभं राहणारा पहिला माणूस भात लावणारा शेतकरी असतो.

मांजराकडून जादूची अपेक्षा मात्र नको. मोठ्या घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरं जात नाहीत. बांध पोखरणाऱ्या घुशीला बिळातलं औषधच लागतं. मांजर सांभाळतं ते घर, माळा आणि कणगी.

खाऊ घालणाऱ्याने पुढची जबाबदारीही विचारात घ्यावी. भाटी सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत वेत, वेताला तीन-चार पिलं, आणि वर्षातून दोन-तीनदा. पिलं कोणाची? मालक म्हणतो, तुमच्याकडे व्याली. शेजारी म्हणतो, मांजर तुमचं. मग एके रात्री पिलं गोणीत भरून गोदामांच्या रस्त्याला सोडून येतात. दापोडे, माणकोली, राहनाळकडचे गोदामांचे रखवालदार अशा पिलांना आपल्या डब्यातली पोळी घालतात. परमुलुखातून आलेली, महिना मोजून पैसे मिळवणारी माणसं ती. उपासमार होईल अशा जागी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. आणि मुद्दाम विष घालून मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कायद्याचा धाक घालण्यापेक्षा मला दुसरं सुचवावंसं वाटतं. दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा खर्च करून भाटीची शस्त्रक्रिया करून घ्यावी. रेबीजची लस तर टोचलीच पाहिजे, तिसऱ्या महिन्यानंतर आणि मग दरवर्षी. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद-चुना लावून घरी बसू नका. लस टोचलेल्या मांजराची तारीख दोन्ही घरांत लिहिलेली असावी.

आणखी एक प्रकार आपल्या तालुक्यात वाढलाय. जमीन गोदामाला गेली, पैसे आले, माणसं काल्हेर-कशेळीच्या इमारतीत राहायला गेली. भांडी नेली, देव नेले, मांजर राहिलं. मागे राहिलेली एखादी म्हातारी शेजारीण पाच-सात मांजरांना घालत बसते आणि गाव तिलाच नावं ठेवतं. घाण करतात, अंगणात मुततात म्हणून. नावं ठेवायचीच तर निघून गेलेल्याला ठेवा. घर बदलताना मांजर गोणीत नाही, खोक्यात घालून न्यावं आणि नव्या घरात आठ-पंधरा दिवस बाहेर सोडू नये, नाहीतर ते जुन्या घराची वाट धरतं. नेता येत नसेल तर शेजारणीला नीट विचारून, सांगून, महिन्याला दोन पैसे देऊन तिच्या हवाली करावं.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना एवढीच विनंती की उंदीर मोहिमेची तारीख चार दिवस आधी जाहीर करा. दवंडी द्या, फोनवरच्या गटात टाका, देवळाच्या फळ्यावर लिहा. कोणत्या बांधावर विष पडणार ते नेमकं सांगा. म्हणजे जो तो आपल्याकडे जेवणाऱ्या मांजराला, मग ते कोणाचंही असो, मोहीम आटोपून मेलेले उंदीर पुरले जाईपर्यंत घरात ठेवील. आत ठेवताना कोपऱ्यात एक टोपलीभर कोरडी माती किंवा राख ठेवा, नाहीतर चुलीतली राख ते आपणहून शोधून काढतं.