बिनसाखरेची बाटली

विंचूरला मामांकडे गेले की पहिला पाहुणचार चहाचा आणि दुसरा द्राक्षांचा, हा आमच्या लहानपणापासूनचा रिवाज. गेल्या एप्रिलमध्ये गेलो, तेव्हा मात्र मामांनी फ्रीजमधून डाएट कोल्याचा डबा काढला. "घे, हे आमचं औषध," ते म्हणाले. मामांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. नाशिकला शिकणाऱ्या नातवाने हे डबे आणून ठेवले होते, आणि 'शुगरवाल्यांचं पेय' असे त्याचे नावही ठेवले होते.

दुसऱ्याच दिवशी या औषधाची परीक्षा झाली. मामा सकाळची गोळी घेऊन, न्याहारी न करताच, कांदा भरलेल्या ट्रॅक्टरवर बसले. विंचूरच्या उपबाजार आवारात त्या दिवशी रांग मोठी, लिलावाला उशीर. अकराच्या सुमारास मामांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे तुटक झाले. नातवाने घाईने पिशवीतला डबा फोडून त्यांच्या तोंडाला लावला. अर्धा डबा पोटात गेला तरी फरक दिसेना. शेजारच्या चहाच्या गाडीवाल्याने मात्र काही न विचारता अर्धा पेला पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळली आणि पाजली. पंधरा-वीस मिनिटांत मामा ओळखीचे बोलू लागले. मग त्यांना पोळी-भाजी खायला लावली.

गाडीवाल्याला जे उमगले ते आम्हा शिकल्यासवरल्यांना का उमगले नाही, हा विचार परतीच्या एस.टी.त माझी पाठ सोडेना.

मामांची साखर त्या दिवशी वाढली नव्हती, घसरली होती. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने जेवण चुकवले की असे होते. अशा वेळी खरी साखर लागते, साधारण पंधरा ग्रॅम. ती साखरेच्या पाण्यात असते, ग्लुकोजच्या पुडीत असते, साध्या कोल्याच्या अर्ध्या पेल्यातही असते. डाएट डब्यात ती नसते. तिथे जिभेला गोड लागते, एवढेच. (माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा.)

मग हे पेय मधुमेह्यांना वर्ज्य म्हणायचे का? तसेही नाही. साध्या कोल्याच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. पातळ असल्याने ती रक्तात भराभर उतरते. डाएट बाटलीत साखरेच्या जागी अॅस्पार्टेमसारखी गोडी असते. ती साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड, त्यामुळे चिमूटभर पुरते आणि रक्तातली साखर वाढवत नाही. ज्याला लग्नकार्यात कोला प्यायचाच आहे, त्याने साध्याऐवजी डाएट प्यायला तर त्याचा फायदाच आहे. पण जो कोला पीतच नव्हता, त्याने मधुमेह झाला म्हणून डाएट कोला सुरू करावा, याला काही अर्थ नाही. त्याच्यासाठी पाणी आहे, बिनसाखरेचे ताक आहे, मीठ-लिंबू आहे.

कर्करोगाची भीती मला पुष्कळांनी बोलून दाखवली. २०२३च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले, कारण पुरावा तुटपुंजा होता. त्याच वेळी तज्ज्ञांच्या दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी पूर्वीचीच कायम ठेवली. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा डबे प्यावे लागतील. त्याच वर्षी मे महिन्यात संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीचा वापर करू नये, असेही सांगितले होते. पण ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना ती शिफारस लागू नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वर्तमानपत्रांचे मथळे वाचून घाबरलेल्यांपर्यंत ही पुरवणी क्वचितच पोहोचली.

मला खरी धास्ती वाटते ती 'डाएट' या शब्दाची. डाएट प्यायले म्हणून दोन जिलब्या जास्त, असा हिशेब मी पंगतीत कितीदा ऐकला आहे! 'शुगर-फ्री' बिस्किटांत मैदा असतोच, आणि मैद्याचीही शेवटी साखरच होते. उलट, "घरची द्राक्षं, घरचा रस, त्यानं काय होतंय?" हे निफाड तालुक्यातले ठरलेले वाक्य. मूठभर द्राक्षे चावून खाणे वेगळे. पेलाभर रसात मात्र साध्या कोल्याइतकी, कधी अधिकही साखर असते. बाग स्वतःची आहे म्हणून ती कमी होत नाही.

डब्यावर कृत्रिम गोडी असल्याची आणि ते लहान मुलांसाठी नसल्याची सूचना असते, पण बारीक इंग्रजी अक्षरांत. साखर घसरल्यावर हे उपयोगाचे नाही, असे एक वाक्य ठळक मराठीत छापायला किती शाई लागेल? २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. त्यातले कितीतरी जण मामांसारखे गोळी घेऊन रांगेत उभे असतील.

मामांच्या फ्रीजमध्ये डबे अजून असतात, रविवारी एखादा फुटतोही. मामींनी ट्रॅक्टरच्या पेटीत पान्हे-पक्कडीशेजारी ग्लुकोजच्या दोन पुड्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या आहेत, आणि मामांनी न्याहारी केल्याखेरीज ट्रॅक्टरची किल्ली त्या हातात देत नाहीत.