सनद मिळाली, पुढे काय?

सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिलेल्या एका निकालाने कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या घरांत जी चलबिचल उत्पन्न केली, तिचा आवाज उरणच्या बाजारपेठेत फारसा ऐकू आला नाही, याचे आम्हांस नवल वाटत नाही. खेद मात्र वाटतो. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस जो बसू इच्छितो त्याने तत्पूर्वी निदान तीन वर्षे वकिली केलेली असली पाहिजे, ही २००२ साली उठविलेली अट या निकालाने पुनः घालण्यात आली. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला तरुण, ज्याने कोर्टाची पायरी परीक्षेच्या अभ्यासापुरतीच पाहिली, तो उद्या न्यायासनावर बसून लोकांच्या जमिनींचे व स्वातंत्र्याचे निर्णय करणार, ही गोष्ट इष्ट नव्हे हे कोर्टात वावरणारा कोणीही मान्य करील. तेव्हा नियमाच्या तत्त्वाशी आमचे भांडण नाही. आमचा प्रश्न निराळाच आहे, आणि तो असा की, ही तीन वर्षे खावयाचे काय?

वकिलीचा धंदा बाहेरून जितका भरजरी दिसतो तितका आतून नाही. नव्या वकिलास पहिली दोन-तीन वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली तारखा घ्याव्या लागतात, नकलांसाठी अर्ज करावे लागतात, कैफियतींचे कच्चे मसुदे लिहावे लागतात. आणि त्याबद्दल पुष्कळदा त्यास मिळते ते गाडीभाडे व चहा. 'काम शिकावयास मिळते हाच मोबदला' असे म्हणण्याचा प्रघात आहे. ज्याच्या बापाची शेती शाबूत आहे, किंवा ज्याचा चुलता स्वतः वकील आहे, त्यास हा मोबदला पुरतो. ज्याच्या बापाची जमीन बंदरात गेली, किंवा ज्याची होडी भरावामुळे किनाऱ्यास लागली, त्यास तो पुरत नाही. आणि आमच्या तालुक्यात अशी घरे किती आहेत हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून नव्या वकिलास शहरात दरमहा २०,००० रुपये व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचविले. परंतु ती शिफारस होय, हुकूम नव्हे; आणि शिफारशीवर पोट भरत नाही.

येथे कोणी सुज्ञ गृहस्थ विचारतील की, चार मुलांस वकिली करता आली नाही तर उरणचे काय बिघडले? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे वाडवडील सांगून गेले आहेत. यावर आमचे उत्तर असे की, उरणच्या लोकांनी ती पायरी आपल्या हौसेने कधीच चढली नाही. कायदा स्वतः त्यांच्या दारी आला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जो जंगल सत्याग्रह झाला व ज्यात गोळीबार होऊन माणसे पडली, तो जंगलाच्या कायद्यासंबंधीच होता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या, त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, ते त्या संपादनाचा न्याय्य मोबदला मागताना. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हे जासईचेच, आणि ते स्वतः वकील होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची जी योजना झाली तिच्या मुळाशी रक्त होते हे खरे. पण ते रक्त कागदावर उतरविण्यास कायदा जाणणारा मनुष्यही लागला होता.

आता कायदा न जाणण्याने काय होते त्याचा एकच दाखला देतो. त्याच १९८४ साली भूसंपादन कायद्यात दुरुस्ती होऊन २८-अ हे कलम आले. एकाच अधिसूचनेखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांपैकी एकाने कोर्टात जाऊन वाढीव मोबदला मिळविला, तर जे गेले नाहीत त्यांनीही कोर्टाच्या निवाड्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत अर्ज केल्यास त्यांस तोच दर मागता येतो, असे हे कलम सांगते. म्हणजे गरिबाच्या हिताचा याहून सोपा कायदा क्वचितच असेल. पण मुदत तीन महिन्यांची! शेजाऱ्याचा निवाडा केव्हा झाला हे कळावयास गावात कोणी जाणता नसेल तर चौथा महिना उजाडतो आणि हक्क बुडतो. असला हक्क बुडविण्यास सरकारची लबाडी लागत नाही. आपले अज्ञान पुरेसे होते.

कोळी बांधवांचे प्रकरणही असेच बोध घेण्यासारखे आहे. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील खंडपीठाने उरण-पनवेल भागातील १,६३० मच्छीमार कुटुंबांस सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी असा आदेश जवाहरलाल नेहरू बंदर, सिडको व ओ. एन. जी. सी. यांस दिला. खाडीतील भरावाने ज्यांचे जाळे रिकामे झाले त्यांस न्याय मागता येतो, हे त्याने सिद्ध झाले. तथापि आदेश मिळणे निराळे आणि अपिलांच्या पायऱ्या चढून तो टिकविणे निराळे. त्यासाठी वर्षानुवर्षे कागद सांभाळणारा, भरतीची रेषा व मासेमारीच्या खुणा समजणारा, आणि तरीही न्यायमूर्तींसमोर इंग्रजीत बोलणारा वकील पाहिजे. तो मुंबईहून भाड्याने आणता येतो. पण जो करंज्यात किंवा मोऱ्यात वाढला त्यास जे न सांगता कळते ते भाड्याने मिळत नाही.

व्यापारी वाचकांस यात आपला संबंध काय असे वाटत असेल, तर त्यांनी न्हावाशेव्याकडे पाहावे. १९८९ साली सुरू झालेले हे बंदर आज देशातील कंटेनर वाहतुकीचे प्रमुख ठाणे आहे. जहाज अटकविणे, मालाचे नुकसान, जकातीचे वाद, गोदामांचे करार, यांचे कज्जे रोज उद्भवतात. नौकाधिकाराचा कायदा २०१७ साली झाला. भरण्याच्या पावत्या, सागरी मालवाहतूक, व्यापारी नौकानयन व बंदरे यांचे नवे कायदे एकट्या २०२५ सालात संसदेने केले. जो धंदा आमच्या अंगणात चालतो त्याची वकिली मात्र फोर्टमधल्या कचेऱ्यांत चालते, आणि आमची मुले त्याच बंदराच्या फाटकावर कंत्राटी पहारेकऱ्याची जागा मिळावी म्हणून चिठ्ठी मागत हिंडतात. जानेवारी २०२४ पासून शिवडी-न्हावाशेवा सेतू खुला झाला, उरणपर्यंत आगगाडी आली. तेव्हा अंतराची सबब आता उरली नाही. उरली आहे ती पैशाची व माहितीची.

माहितीविषयी प्रथम बोलू, कारण तिला पैसा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयात प्रत्येक न्यायमूर्तीच्या हाताखाली संशोधन करणारे लॉ क्लार्क नेमले जातात. २०२५-२६ सालासाठी अशा सुमारे ९० जागा निघाल्या, आणि मानधन दरमहा ८०,००० रुपये होते. वीस ते बत्तीस वर्षे वयाचा कायद्याचा पदवीधर, किंबहुना शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही, त्या परीक्षेस बसू शकतो. मुंबई उच्च न्यायालयही असे क्लार्क नेमते, आणि २०२५ च्या जाहिरातीत मानधन ६५,००० रुपये होते. आता गंमत पाहा: ज्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली, त्याच निकालाने न्यायमूर्तींच्या हाताखालील क्लार्कीचा काळ त्या तीन वर्षांत धरावा असे सांगितले. म्हणजे गरीब मुलास पगार घेऊन अट पुरी करण्याचा एक दरवाजा उघडा आहे. याखेरीज विधि सेवा प्राधिकरणांनी २०२२ पासून जिल्ह्यांत बचाव वकिलांच्या पगारी जागा निर्माण केल्या असून त्यांतील साहाय्यकाची जागा नवशिक्या वकिलांसाठीच आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील, इतर मागास, आर्थिक दुर्बल इत्यादी वर्गांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ झाली. आगरी घरातील मुलीने अलिबागच्या किंवा पनवेलच्या लॉ कॉलेजात जाण्यास फीची आडकाठी होती, ती यामुळे पुष्कळ अंशी दूर झाली. आणि ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, सनदेसाठी कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांहून, व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून, अधिक नोंदणी फी कोणत्याही राज्य परिषदेस घेता येणार नाही. यांपैकी किती गोष्टी आमच्या गावांत ठाऊक आहेत?

सनदेच्या फीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. बॅरिस्टर होऊन परत आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांजवळ वकिली सुरू करण्यासाठी सनद घेण्यापुरतेही पैसे नव्हते. नवल भथेना नावाच्या पारशी मित्राने ते दिले. त्यापूर्वी १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने ते अमेरिकेस गेले होते, आणि लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यास शाहू महाराजांचे साहाय्य झाले होते. दोन राजे आणि एक मित्र यांच्या हातून योग्य वेळी जो पैसा सुटला त्यातून या देशास राज्यघटनेचा शिल्पकार मिळाला. आणि आमच्या कुलाबा जिल्ह्याच्या दृष्टीने पाहता, चरीच्या संपकरी कुळांच्या पाठीशी उभा राहणारा व १९३७ साली खोती नष्ट करण्याचे बिल आणणारा पुढारी मिळाला. प्रत्येक शिष्यवृत्तीतून आंबेडकर निघत नाहीत हे आम्हांसही कळते. पण न दिलेल्या शिष्यवृत्तीतून तर कोणीच निघत नाही.

आता पैशाविषयी. परिषदेने सुचविलेले ग्रामीण विद्यावेतन धरले तरी एका नव्या वकिलास तीन वर्षे उभे करण्यास ५ लाख ४० हजार रुपये लागतात. पाच जणांस २७ लाख. ही रक्कम तालुक्यास जड आहे काय? आमच्याकडे हळदीच्या एका रात्रीत मंडप, बॅन्जो व जेवणावळी यांवर जे उधळले जाते, क्रिकेटच्या सामन्यांत जी वाहने व रोख बक्षिसे वाटली जातात, त्यांचा हिशेब कोणी मांडला तर तो मांडणारासच लाज वाटेल. उत्सव बंद करा असे आम्ही म्हणत नाही. दहावा हिस्सा बाजूला काढा असे म्हणतो. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये मोठ्या नफ्याच्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावणे भाग आहे, आणि शिक्षण हे त्या कार्यात मोडते. बंदराच्या आसऱ्याने ज्या कंपन्या गबर झाल्या त्यांच्याकडे हे मागणे म्हणजे भिक्षा नव्हे.

एक आक्षेप मात्र खरोखर विचारार्ह आहे. शिष्यवृत्ती घेऊन मुलगा मुंबईस गेला व तेथेच रमला, तर उरणास त्याचा उपयोग काय? याचे उत्तर आमच्या पूर्वीच्या दात्यांनीच देऊन ठेविले आहे. सयाजीरावांनी आंबेडकरांकडून बडोद्याच्या नोकरीचा करार लिहून घेतला होता. श्यामजी कृष्णवर्म्यांनी १९०५ साली शिष्यवृत्त्या जाहीर केल्या तेव्हा त्या घेणाराने सरकारी नोकरी पत्करू नये अशी अट घातली होती. दात्याने हेतू स्पष्ट लिहावा, इतकेच यातून घ्यावयाचे. आमच्या फंडाने अट घालावी ती हलकी असावी: दोन वर्षे उरण, पनवेल किंवा अलिबाग येथील कोर्टांत काम करावे, आणि आठवड्यातून एक दिवस ग्रामपंचायतीच्या कचेरीत बसून सातबारा, फेरफार, वारसनोंद व मोबदल्याचे अर्ज विनामूल्य तपासून द्यावे. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. येथे शिकलेला मुलगा त्या कामात मुंबईकराहून कमी पडणार नाही. पुढे तो न्यायाधीश झाला किंवा दिल्लीस क्लार्क म्हणून गेला तर आम्ही त्यास अडवू नये, उलट पेढे वाटावे.

यासाठी तीन गोष्टी ताबडतोब व्हाव्यात. नगरपरिषदेच्या वाचनालयात एक फळा राखून कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या जागा, शिष्यवृत्त्या व त्यांच्या मुदती त्यावर दर सोमवारी लिहिल्या जाव्यात. व्यापारी मंडळाने, ग्रामपंचायतींनी व वकील संघाने मिळून फंडाची रीतसर नोंदणी करावी व निवड गुणांवर आणि गरजेवर करावी. पुढाऱ्याच्या चिठ्ठीस तेथे प्रवेश नसावा, आणि पहिल्या पाचांत निदान दोन मुली व एक कातकरी वाडीवरील विद्यार्थी असावा. तिसरी गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंकडे मागावयाची आहे: ज्यांच्या कचेरीत नवे वकील राबतात त्यांनी महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यांच्या हातात काही ठरीव रक्कम ठेवावी. पक्षकाराकडून फी घेताना जो आपल्या श्रमाची किंमत जाणतो त्याने दुसऱ्याच्या श्रमाची किंमत चहाच्या पेल्यात मोजू नये.

जमीन एकदाच विकली जाते, आणि ती आमची बहुतेक जाऊन चुकली. तिच्या मोबदल्याचे, तिच्या जागी उभ्या राहिलेल्या धंद्याचे व किनाऱ्यावरील हक्कांचे वाद मात्र पुढील पन्नास वर्षे चालणार आहेत. ते वाद आमच्या मुलांनी चालवावे की आमच्याविषयी दुसऱ्यांनी चालवावे, एवढाच निर्णय उरणकरांच्या हाती उरला आहे. आणि या निर्णयासही मुदत आहे.