आरोग्याच्या चार गोष्टी : सोरायसिस सूक्ष्मदर्शकाखाली



मृत समुद्राकाठी एन बोकेकला अंगावर लाल चट्टे असलेली माणसे उन्हात पडलेली आपण पाहिली असतील. त्यांतल्या पुष्कळांना सोरायसिस असतो. बालमित्रांनो, हा रोग शिवल्याने होत नाही. आजीला असला तर तिचा हात खुशाल धरा.

निरोगी कातडीत खालची पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हे काम आठवड्याच्या आतच उरकते. पेशी कच्च्याच वर येतात आणि खपल्या साचतात. कातडीचा छोटा तुकडा काढून, म्हणजे बायप्सी करून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सगळ्यात वरच्या थरात पांढऱ्या पेशींचे बारीक पुंजके दिसतात. मन्रो नावाच्या डॉक्टरांनी १८९८ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मन्रोंचे नाव आहे.

पण रोग काही पुस्तक वाचून येत नाही! तळहातावर किंवा तळपायावर सोरायसिस असला तर कधी पेशींच्या मधे पाणी साचलेले दिसते, आणि ही तर इसबाची खूण. बरेच दिवस स्टेरॉईडचे मलम लावलेले असले तर ओळखीच्या खुणा पुसट होतात. उलट साध्या नायट्यातही तसेच पुंजके दिसू शकतात, म्हणून बुरशी शोधायला तुकड्याला वेगळा रंग देतात.

तेव्हा रिपोर्टात “सोरायसिस किंवा इसब” असे दोन्ही लिहिले असेल तर लॅबने चूक केली असे समजू नका. तुकडा तो केवढा, डाळीच्या दाण्याएवढा! बाकीचे आपणच डॉक्टरांना सांगायचे. डोक्यात खपल्या आहेत का, नखांवर खड्डे आहेत का, सांधे दुखतात का, घराण्यात कोणाला होता का? शेजारणीने दिलेले मलमसुद्धा लपवू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोरायसिस वाढतो. त्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. एखादा चट्टा महिनोन्‌महिने औषधाला दाद देत नसेल तर पुन्हा दाखवा. क्वचित त्याच्याआड कातडीचा कर्करोग असतो. डॉक्टर दुसरी बायप्सी करू म्हणाले तर नको म्हणू नका.

मुलांनो, तुमच्यासाठी काम : आजी-आजोबांच्या सगळ्या गोळ्या-मलमांची यादी हिब्रूत लिहून द्या. डॉक्टरांकडे जाताना ती त्यांच्या पिशवीत असू द्या.