मनगटावरचे घड्याळ आणि मैदानावरचे अंतर



पिंपरीच्या संत तुकाराम नगरात पहाटे बाहेर पडलात, तर धावण्याचा सराव करणारी मुले-मुली तुम्हांला दिसतील. त्यांतील काही जण पोलीस भरतीची तयारी करीत असतात. शिपाईपदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते; काही सेकंद उशीर झाला तरी गुण कमी होतात. अलीकडे अशा मुलांच्या मनगटावर उपग्रहांच्या साहाय्याने अंतर मोजणारे जीपीएस घड्याळ दिसते. ज्यांच्याकडे ते नसते, ते विचारतात, "सर, कोणते घेऊ?"

माझे मत असे, की घड्याळ निवडण्यापूर्वी त्याच्याकडून कोणते माप हवे आहे, हे आधी ठरवावे. १६०० मीटरच्या तयारीसाठी जीपीएस घड्याळाची गरज नाही. उलट त्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, तर नुकसान होऊ शकते.

असे का, हे समजण्यासाठी घड्याळाचे काम कसे चालते ते पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि रेडिओलहरींद्वारे आपली जागा व वेळ सतत कळवितात. संदेश पोचण्यास किती वेळ लागला, यावरून घड्याळ उपग्रहाचे अंतर काढते. या लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने येतात. म्हणून वेळेत सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते! उपग्रहांत अत्यंत अचूक आण्विक घड्याळे असतात. तुमच्या मनगटावर मात्र साधे क्वार्ट्झ घड्याळ असते. त्याची चूक शोधून काढण्यासाठीच तीन उपग्रहांवर न भागता चौथ्याचीही गरज लागते.

आता संत तुकाराम नगरच्या रस्त्यावर या. ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेली पुणे मेट्रो येथे काँक्रीटच्या उंच पुलावरून धावते. या पुलाखालून किंवा उंच इमारतींच्या मधून पळताना काही संदेश अडतात, तर काही भिंतीवर आपटून, लांबच्या वाटेने घड्याळापर्यंत पोचतात. त्यामुळे तुमची जागा काही मीटर इकडे-तिकडे दाखविली जाते. तुम्ही सरळ धावलात तरी घड्याळाने जोडलेले बिंदू नागमोडी पडतात, आणि नागमोडी रेषा सरळ रेषेपेक्षा नेहमीच लांब असते. याउलट, वळणावर बिंदू दूरदूर घेतले गेले, तर वळण कापले जाऊन अंतर कमी भरते.

समजा, घड्याळाने अंतर ३ टक्के जास्त मोजले. "१६०० मीटर, साडेपाच मिनिटे" असा आकडा पाहून तुम्ही खूश होता. प्रत्यक्षात तुम्ही सुमारे १५५३ मीटरच धावलेले असता. उरलेल्या ४७ मीटरांना त्याच वेगाने आणखी १० सेकंद लागतील. ही उणीव सरावात कळत नाही. ती कळते ती भरतीच्या दिवशी.

त्यापेक्षा ४०० मीटरचे मैदान आणि साधे स्टॉपवॉच बरे. आतल्या पहिल्या लेनमधून चार फेऱ्या म्हणजे १६०० मीटर. मात्र लेन बदलू नका. लेनची रुंदी १.२२ मीटर असते. म्हणून बाहेरच्या प्रत्येक लेनमध्ये फेरीमागे सुमारे ७ ते ८ मीटर वाढतात. आठव्या लेनची पूर्ण फेरी सुमारे ४५३ मीटर भरते.

नाडीच्या आकड्याचेही तसेच आहे. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते. तो रक्तात शोषला जातो, म्हणून ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. पट्टा सैल असेल, तर हाताच्या हेलकाव्याने ही मोजणी बिघडते. धावणे थांबताच मनगटावर दोन बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजा, त्यांना ४ ने गुणा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा.

मग हे घड्याळ निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. खुणा नसलेल्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर धावणाऱ्याला ते फार सोयीचे आहे. त्याने ते घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: दर सेकंदाला नोंद होते का, उपग्रहांचे संदेश दोन वारंवारतांवर घेतले जातात का, आणि घामेजल्या बोटांनीही दाबता येईल असे खरे बटण आहे का. दोन वारंवारता असल्या, तर इमारतींवरून परतलेल्या लहरींमुळे होणारी चूक सहसा कमी होते. झोपेचे गुण आणि रंगीबेरंगी चित्रे यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. कारखान्यात पाळ्या करणाऱ्या आई-वडिलांच्या पगारातून ते पैसे येणार असतील, तर तेवढ्यात धावण्याचे चांगले बूट आधी घ्यावेत.

कोणा मित्राकडे असे घड्याळ असेल, तर एक प्रयोग करा. पहिल्या लेनमधून चार फेऱ्या धावा आणि घड्याळ किती मीटर दाखवते ते वहीत लिहा. असे तीन वेगवेगळ्या दिवशी करा. दर वेळी चूक एकाच बाजूला येते की कधी कमी, कधी जास्त, हे तपासा. ज्या उपकरणाची चूक आपण स्वतः मोजली आहे, त्याच्यावरच विश्वास ठेवावा.