नव्याण्णव टक्क्यांच्या मुलुखात

१३ मे २०२५ ला दुपारी एक वाजता दहावीचा निकाल आला. लांज्यात घराघरांत मुंबईहून आणि आखातातून सुट्टीवर आलेली माणसे होती, आणि प्रत्येक फोनवर एकच काम चालले होते. संध्याकाळपर्यंत पेढे वाटून झाले. कोकण विभाग पुन्हा राज्यात पहिला, ९८.८२ टक्के. राज्याचा निकाल ९४.१० टक्के. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून वेगळे मंडळ झाले तेव्हापासून कोकणाने हा पहिला नंबर सोडलेला नाही. पास झालेल्या सगळ्या मुलामुलींचे मनापासून अभिनंदन.

आता एक कडू गोष्ट. जिथे जवळजवळ सगळेच पास होतात, तिथे पास होणे ही बातमी राहत नाही. खरी बातमी पुढच्या तीन आठवड्यांत घडते आणि ती कुठे छापून येत नाही. कोण कुठल्या कॉलेजात गेला, कोण नुसताच 'सायन्सला' गेला आणि कोण घरी बसली.

आपल्या घरांत दहावीला एक जुना अर्थ आहे. दहावीचे सर्टिफिकेट असले की पासपोर्टवर इमिग्रेशन चेकची अट येत नाही. कुवेत, सौदी, कतारला गेलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीसाठी मॅट्रिक म्हणजे 'ईसीएनआर'. टक्के कोणी विचारत नव्हते, पास एवढे पुरे होते. त्या जोरावर कित्येक घरांवरची कौले जाऊन स्लॅब पडले, बहिणींची लग्ने झाली. त्याला नावे ठेवायचा मला अधिकार नाही. माझ्या इंजिनीअरिंगची फी त्याच पैशातून भरली गेली.

अडचण ही की काळ बदलला तरी निर्णय अजून त्याच बैठकीत होतो. चाचाची सुट्टी संपायच्या आत मोठी माणसे ओट्यावर बसतात. ऐंशीच्या वर असेल तर सायन्स, साठच्या वर असेल तर कॉमर्स, त्याखाली आर्ट्स नाहीतर 'अठरा पूर्ण झाले की बघू'. ज्याचा निकाल लागला तो दारात उभा राहून ऐकतो. जिचा लागला ती आत चहा ठेवत असते.

मला दहावीला ६९ टक्के होते. गणितात बरे, बाकी ठीकठाक. या हिशोबाने मी कॉमर्सला जायला हवा होतो. माझ्या एका शिक्षकांनी अब्बांना फक्त एवढेच विचारले, 'याला घरी बसून न सांगता काय करायला आवडते?' मी बिघडलेले रेडिओ उघडत असे. म्हणून डिप्लोमा, मग थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, मग नोकरी. आज मी आमच्या कंपनीसाठी मुलाखती घेतो आणि कोणाला दहावीचे टक्के विचारल्याचे मला आठवत नाही. (खोटे बोलणार नाही. कॅम्पसवर येणाऱ्या काही कंपन्या दहावी-बारावीला ६० टक्क्यांची अट घालतात. पण ती चाळणी आहे, मुलाची किंमत नव्हे.)

हा रस्ता आजही उघडा आहे. इंजिनीअरिंग डिप्लोमाला दहावीला ३५ टक्के पुरतात, आणि रत्नागिरीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दोन वर्षांचा आयटीआय केला तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, तिथून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. आयटीआयचे नाव काढले की घरात तोंडे पडतात, हे मला माहीत आहे. आखातातून आलेल्या चाचालाच विचारा की तिकडे वायरमनला आणि वेल्डरला हातातला कागद असला आणि नसला तर पगारात किती फरक पडतो.

ज्यांचे सायन्स पक्के झाले आहे, त्यांच्यासाठी. आपली बरीच मुले उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी होतात आणि अकरावीला सायन्स एकदम इंग्रजीत येते. काल ज्याला 'मुसल्लस' किंवा 'त्रिकोण' येत होता, त्याला आज 'ट्रँगल' म्हटले की वाटते हे काहीतरी वेगळेच आहे. 'त्वरण' नीट समजलेली मुलगी 'ॲक्सिलरेशन' ऐकून गप्प बसते. मग पहिल्या चाचणीत मार्क पडतात आणि घरात म्हणतात, झेपत नाही. फिजिक्स झेपत नसते असे नाही, अजून शब्दच हातात आलेले नसतात. कॉलेज सुरू होईपर्यंत जो वेळ आहे त्यात नववी-दहावीची विज्ञान-गणिताची इंग्रजी माध्यमाची पुस्तके काढा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट आहेत. आपले पुस्तक डावीकडे, इंग्रजी उजवीकडे, रोज एक धडा. याला क्लास लागत नाही.

मुलींबद्दल. राज्यात २०२५ मध्ये मुलींचा निकाल ९६.१४ टक्के होता, मुलांचा ९२.३१. घरोघरी विचारा, वह्या कोणाच्या नीट असतात ते कळेल. आणि तरी जूनमध्ये प्रश्न तिच्याच बाबतीत येतो की जाणार कशी. हा प्रश्न खोटा नाही. भांबेड किंवा साटवलीकडून लांज्याला येणारी मुलगी एसटीवर अवलंबून आहे आणि संध्याकाळची गाडी चुकली की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. पण मग तो प्रश्न एसटीचा आहे, तिचा नाही. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. गाडीची वेळ कॉलेज सुटण्याशी जुळत नसेल तर दहा पालकांनी सही करून लांजा आगारात अर्ज द्यावा. एकट्या बापाला जे उत्तर मिळते ते दहाजणांना मिळत नाही. मुलाला चाळीसेक किलोमीटरवर रत्नागिरीला पाठवताना आपण खोली शोधतो. मुलीच्या वेळी वसतिगृहाची चौकशी तरी करतो का?

आता फॉर्म. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश आधी मुंबई-पुण्यासारख्या काही शहरांतच होते. २०२५ पासून ते सगळ्या राज्याला लागू झाले. २०२५ मध्ये नोंदणी शंभर रुपये होती, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजे पसंतीने भरायची होती. जागांची भीती बाळगू नका. २०२५ मध्ये राज्यात अकरावीच्या जागा वीस लाखांच्या वर होत्या आणि नियमित पास झालेले साडेचौदा लाख. भीती बाळगायची ती पहिल्या ओळीची. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून हौसेने मुंबईचे नाव वर टाकू नका. जिथे मूल राहू शकेल आणि फी परवडेल, तेच पहिले. फॉर्म सायबरवाल्याला भरायला दिला तरी पासवर्ड आणि ओटीपी आपल्याकडे ठेवा.

आणि नाव. संगणकाशी माझा रोजचा संबंध आहे म्हणून सांगतो, त्याला माणूस कळत नाही, अक्षरे कळतात. आधारवर मोहम्मद पूर्ण, शाळेत त्याचे चार अक्षरांचे लघुरूप. एकीकडे शेख पुढे, दुसरीकडे मागे. वडिलांचे नाव तिसऱ्याच स्पेलिंगमध्ये. आज ही किरकोळ गोष्ट वाटते. शिष्यवृत्तीच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी तीच भिंत होते. शाळा सोडल्याचा दाखला हातात घेण्याआधी गुणपत्रिका, आधार आणि शाळेची नोंद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. चूक असेल तर मुख्याध्यापकांना तेव्हाच सांगा. एकदा दाखला निघाला की ती नोंद बदलताना चपला झिजतात. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्रही आत्ताच काढा, जुलैत तहसील कचेरीत रांग लागते.

शेवटी त्या उरलेल्या एक-सव्वा टक्क्याविषयी. जिथे शंभरातले नव्याण्णव पास होतात तिथे नापास झालेले मूल फार एकटे पडते. नागपूर विभागात २०२५ मध्ये त्याच्यासारखे नऊ टक्के होते, इथे त्याच्या वर्गात तो एकटाच असतो. निकालानंतर चार दिवस त्याला शेजारच्या घरी पेढे घेऊन पाठवू नका, त्याच्यासमोर दुसऱ्याचे टक्के मोजू नका. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा २०२५ मध्ये २४ जूनपासून होती, म्हणजे वर्ष गेलेले नाही. तो जेवत नसेल, खोलीबाहेर येत नसेल तर रागावू नका, सोबत बसा. १४४१६ या मोफत क्रमांकावर मानसिक आरोग्याचे समुपदेशक बोलतात. तिथे फोन करण्यात लाज नाही.

पसंतीक्रम भरण्याची मुदत २०२५ मध्ये मे महिनाअखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती, आणि लगेच बकरी ईद होती. मोहल्ल्यात सुट्टीवर आलेले शिकलेले तरुण आत्ता गावात आहेत. जमातीच्या हॉलमध्ये दोन संध्याकाळी दोन लॅपटॉप लावले आणि येईल त्या प्रत्येक मुलाचा, कोणत्याही धर्माचा असो, फॉर्म त्याच्यासमोर तपासला तर खर्च फक्त चहाचा आहे. येताना मूळ गुणपत्रिका, आधार आणि एसटीचे वेळापत्रक आणा. आणि मुलीलाही आणा. तिचा फॉर्म तिच्या भावाने भरायचा नाही.