मत दिल्यानंतर बदललेला नियम

नॉर्थ कॅरोलायना या अमेरिकी राज्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही लोक मतदानाने निवडतात, तेही उघड पक्षाच्या नावावर. नोव्हेंबर 2024 मध्ये अशाच एका जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ॲलिसन रिग्ज आणि रिपब्लिकन पक्षाचे जेफरसन ग्रिफिन यांच्यात लढत झाली. 55 लाखांहून अधिक मते पडली आणि रिग्ज 734 मतांनी जिंकल्या. दोनदा फेरमोजणी होऊनही निकाल तोच राहिला.

मग ग्रिफिन यांनी 65 हजारांहून अधिक मतांवर हरकत घेतली. या मतदारांपैकी बहुसंख्यांनी काही लबाडी केली, असा त्यांचा दावाही नव्हता. आक्षेप नोंदणीच्या कागदावर होता: वाहन परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सरकारी नोंदीत दिसत नाहीत. पण हा रकाना भरणे सक्तीचे आहे, हे राज्याच्या छापील अर्जावर वर्षानुवर्षे स्पष्ट केलेलेच नव्हते. काहींनी क्रमांक दिला होता, पण आडनाव बदलल्यामुळे वा नाव वेगळे लिहिले गेल्यामुळे तो जुळला नव्हता. खुद्द रिग्ज यांचे आईवडील या यादीत होते.

दुसरा गट परदेशातल्या नागरिकांचा आणि सैनिकांचा. त्यांनी मतपत्रिकेसोबत फोटो ओळखपत्राची प्रत जोडली नव्हती, कारण राज्य निवडणूक मंडळाच्या नियमाप्रमाणे ती लागतच नव्हती. या गटावरची हरकत डेमोक्रॅटिक पक्षाचा जोर असलेल्या मोजक्या काउंट्यांपुरतीच होती. त्याच मतपत्रिकांवर राष्ट्राध्यक्षपदासाठी दिलेली मते मात्र कोणी रद्द करा म्हटले नाही. त्या लढतीत राज्यात ट्रम्प जिंकले होते.

एप्रिल 2025 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने ग्रिफिन यांचे बरेचसे म्हणणे मान्य केले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीच्या मुद्द्यावरची सुमारे 60 हजार मते वाचवली, पण परदेशस्थ मतदारांवर मागाहून कागदपत्रे देण्याची वेळ आणली. अखेर 5 मे रोजी फेडरल न्यायाधीश रिचर्ड मायर्स यांनी हे सारे थांबवले; त्यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केलेली आहे. दोन दिवसांनी ग्रिफिन यांनी पराभव मान्य केला.

व्यवस्था टिकली, असे म्हणून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तो घाईचा वाटतो. मतदार यादीवर मतदानाआधी हरकत आली तर माणसाला चूक दुरुस्त करता येते. मतमोजणीनंतर तीच हरकत आली, की उमेदवाराला आधीच ठाऊक असते किती मते कमी पडली आणि कुठली वगळली की भरून निघतील. तेव्हा नियम हे निमित्त उरते. अशा दाव्यात हरणाऱ्याचे फारसे काही जात नाही. विजेत्याचा शपथविधी मात्र चार महिन्यांहून अधिक लांबतो, आणि नियमाप्रमाणे वागलेल्या हजारो लोकांना आपले मत मोजले जाईल का, हे वर्तमानपत्रातून कळते. राज्याच्या दोन न्यायालयांनी ही वाट अर्धवट का होईना, खुली मानली; पुढच्या निसटत्या पराभवानंतर वकिलांना कोरी पाटी घेऊन बसावे लागणार नाही.

हा वाद चालू असताना विधिमंडळही स्वस्थ नव्हते. हेलीन चक्रीवादळाच्या मदतीचे म्हणून आणलेल्या विधेयकात निवडणूक मंडळ नेमण्याचा गव्हर्नरचा अधिकार काढून राज्याच्या लेखापरीक्षकाकडे देण्यात आला. गव्हर्नरचा नकाराधिकार डिसेंबर 2024 मध्ये मोडून हा कायदा झाला. नवे लेखापरीक्षक रिपब्लिकन पक्षाचे आहेत आणि मे 2025 पासून मंडळात त्याच पक्षाचे बहुमत आहे. नोव्हेंबर 2026 मध्ये डेमोक्रॅटिक न्यायमूर्ती अनिता अर्ल्स यांची जागा मतपत्रिकेवर आहे, आणि ती निवडणूक हेच मंडळ घेणार आहे.